सात नंबरचं कारण

“फॉर्म में कारण का खाना एक है, नंबर एक लिखना है. लेकिन नहीं! मिसेस कारखानीस को तो उसमें पूरी बारात बिठानी है.”

हे भटनागर कपाटाच्या पलीकडे बसून कुणाला तरी सांगत होता. कपाट लोखंडी असलं तरी त्याचा पाठीमागचा पत्रा केव्हाच गेला होता, त्यामुळे प्रमोदिनी कारखानीसला शब्द न् शब्द ऐकू आला. आणि तो तसा ऐकू जातो हे भटनागरला गेली सहा वर्षं माहीत होतं.

“भटनागरजी,” ती फायलींच्या फटीतून म्हणाली, “बारात के दूल्हे तो आप ही हैं. एक सौ चौदह नंबर की फाइल आपने भरी थी. उसमें हवाई जहाज खड़ा था, टक्कर ट्रक ने मारी. और आपने लिखा, पायलट की गलती.”

पलीकडे कप बशीत टेकल्याचा आवाज आला.

१९८९चा नोव्हेंबर चालू होता. सरोजिनी नगरच्या क्वार्टर्सपासून पायी जाता येईल अशा त्या सरकारी कचेरीत उन्हाळ्यात कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी एक खोली थंड केली होती, दाराला जाड पडदा लावला होता आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. देशात तीस-पस्तीस वर्षांत झालेल्या विमान अपघातांच्या फायली एकेका तक्त्यावर उतरवायच्या, तक्ते त्या थंड खोलीत द्यायचे, आणि मग कुठल्या कारणाने किती अपघात झाले ते यंत्र सांगणार. झालेलं नीट मांडलं तर होणारं टळेल, असा त्यामागचा हिशेब. प्रमोदिनीला तो मनापासून पटला होता. घरात तीही तेच करायची, फक्त दूध उतू जाण्याच्या बाबतीत.

तक्त्यात बावीस चौकोन होते. शेवटचा कारणाचा. कारणांना नंबर दिले होते: एक म्हणजे हवामान, दोन म्हणजे यंत्रातला बिघाड, असं करत करत सात म्हणजे ‘इंधनाची हाताळणी, वैमानिकाची चूक’.

सरकारी फायलीत नवा कागद वर लागतो. त्यामुळे चौकशीचा निष्कर्ष सगळ्यात वर, आणि ज्याने अपघात डोळ्यांनी पाहिला त्या बिचाऱ्याचा जबाब सगळ्यात तळाशी, वाळवीच्या शेजारी. बाकीचे लोक वरचं पान वाचायचे, नंबर टाकायचे आणि दिवसाला वीस फायली उडवायचे. प्रमोदिनी तळापासून वाचायची. गोष्टीचा शेवट आधी वाचणाऱ्या माणसांबद्दल तिला लहानपणापासून संशय होता. तिच्या दिवसाला चार फायली व्हायच्या.

तळापासून वाचल्यामुळेच ते तिच्या ध्यानात आलं. फ्लाइंग क्लबांची छोटी विमानं होती, दोन माणसांची. एक शिकवणारा, एक शिकणारा. विमान जमिनीवरून उठतं, दोनतीनशे फूट जातं आणि इंजिन बंद पडतं. मागे वळायला उंची नाही, पुढे उतरायला जागा नाही. निष्कर्ष सगळीकडे एकच, सात नंबर. पण त्यातल्या काही तारखा तिला खटकल्या. २ जानेवारी. होळीच्या आधीच्या थंडीतला एक मंगळवार, क्लबाला सोमवारी सुट्टी. पुन्हा एक मंगळवार, डिसेंबरातला.

तिने शंभर पानी वही काढली आणि रकाने आखले. महिना. वार. आदल्या दिवशी सुट्टी होती का. दिवसातलं कितवं उड्डाण. आठवड्याभरात वहीत सहा ओळी झाल्या, आणि सहाही ओळींत शेवटचे दोन रकाने सारखे आले: आदल्या दिवशी सुट्टी होती, उड्डाण दिवसातलं पहिलं होतं.

“माणूस सुट्टीनंतरच बरा चुकतो?” ती रात्रीचं ताट वाढता वाढता नवऱ्याला म्हणाली.

“मी तर बिल्कुल,” विलास म्हणाला. तो कृषी भवनात होता. “सोमवारी माझ्याकडून कोणी गव्हाचे आकडे घेऊ नयेत.”

“थंडीतच चुकता का पण?”

“अगं, जेवू दे ना.”

उत्तर तिला मिळालं ते स्टोव्हकडून. गॅस संपला होता, नवीन सिलिंडरचा पत्ता नव्हता, म्हणून गॅलरीतला रॉकेलचा डबा आत आला. स्टोव्ह पेटला, दोन मिनिटं नीट जळला, मग फुरफुरला आणि विझला.

“रॉकेलवाल्याने पाणी घातलं मेल्याने,” सासूबाई म्हणाल्या. सुमित्राबाईंना दिल्लीत येऊन पस्तीस वर्षं झाली होती, पण इथल्या दुकानदारांवर त्यांचा अजून विश्वास बसायचा होता.

“मागच्या आठवड्यात याच डब्यातलं चांगलं जळत होतं, आई.”

“मग त्याने येऊन घातलं असेल.”

प्रमोदिनीने डब्याचं झाकण काढलं. डबा पाऊण रिकामा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे रॉकेल पोचतही नव्हतं, तिथे बारीक बारीक थेंब जमले होते. ती झाकण हातात घेऊन इतका वेळ उभी राहिली की सासूबाईंनी शेवटी शेजारणीकडून शेगडी आणली.

दुसऱ्या दिवशी तिने गॅलरीत दोन बाटल्या ठेवल्या. एक गळ्यापर्यंत रॉकेलने भरलेली, एक पाव. बुचं सैल. विलासने येताजाता “प्रयोगशाळेला पाटी लाव आता” म्हणून घेतलं. तीन आठवडे दिल्लीचं दव त्यांच्यावर पडत राहिलं. भरलेली बाटली होती तशीच राहिली. पाव बाटलीच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा एक थेंब जमला, रॉकेलच्या खाली, वेगळा, बाटली कलती केली की पाऱ्यासारखा पळणारा.

कचेरीत तिने त्या फायलींची मधली पानं पुन्हा काढली. तिथे ते होतंच. ‘इंजिनाच्या नळीत पाण्याचा अंश. दखल घेण्याजोगा नाही.’ एका फाइलीत नाही, पाचांत. ज्या फायलींत नव्हतं तिथे विमान जळून गेलं होतं. क्लबात पेट्रोल लागेल तेवढंच भरायची पद्धत होती, कारण प्रत्येक डब्यामागे स्टोअरकीपरची चिठ्ठी. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी विमान उघड्यावर पाव टाकीवर उभं. थंड रात्र रिकाम्या टाकीत पाणी धरते आणि पहिल्या उड्डाणाला ते पाणी नळीत येतं. इतकं साधं. तिला हसूच आलं. एवढे मोठे चौकशी अधिकारी, पण त्यांच्यापैकी कुणी कधी स्टोव्ह पेटवला नव्हता.

आणि मग अठ्ठावीस तारखेला वहीतली नववी ओळ आली.

२७ जानेवारी १९६७, प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीनंतरची सकाळ. पहिलं उड्डाण. शिकाऊ वैमानिक विष्णू सहाय, वय एकोणीस, जागीच मृत्यू. प्रशिक्षक शांताराम कारखानीस, वय एकतीस, पाय मोडला, परवाना रद्द. कारण, सात.

प्रमोदिनीने फाइल मिटली आणि पुन्हा उघडली. नाव तेच होतं.

शांतारामकाका म्हणजे तिच्या दिवंगत सासऱ्यांचे धाकटे भाऊ. नोएडात एकटे राहायचे, एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचे आणि दर रविवारी बस बदलून सरोजिनी नगरला जेवायला यायचे. ते पूर्वी ‘फ्लाइंगमध्ये होते’, एवढं लग्न झाल्यावर तिला सांगितलं होतं. पाय का ओढतात, लग्न का केलं नाही, हे कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. या घरात त्या प्रकाराला ‘तेव्हा’ म्हणत. रविवारी जेवताना डोक्यावरून विमान गेलं की सासूबाई लगेच कोशिंबिरीचा वाडगा उचलायच्या आणि काका नको नको म्हणेपर्यंत वाढत राहायच्या. आवाज लांब गेला की वाडगा खाली. काकांनी या घरात आयुष्यभरात किती कोशिंबीर खाल्ली असेल त्याला गणती नाही.

त्या रविवारी काका हात धुवायला गॅलरीत गेले. प्रमोदिनी टॉवेल घेऊन मागे गेली, तर ते पाव बाटली उन्हाकडे धरून उभे होते. त्यांनी ती कलती केली. थेंब तळाशी इकडून तिकडे पळाला. त्यांनी पुन्हा कलती केली. मग बाटली होती तिथे, होती तशी ठेवली, टॉवेल घेतला आणि “आज जरा काम आहे” म्हणून गुलाबजाम न खाता गेले.

सोमवारी ती वही घेऊन विजयालक्ष्मी मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम उपसंचालक होत्या. घरच्या तमिळ, पण इंजिनिअरिंग पुण्यात झालेलं, म्हणून प्रमोदिनीशी मराठीत बोलायच्या, सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखं.

मॅडमनी नऊ ओळी दोनदा वाचल्या.

“हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं?”

“कुणी नाही.”

“म्हणूनच चांगलं झालंय.” त्यांनी वही बाजूला ठेवली. “पण एक अडचण. विमानाच्या टाकीखाली एक तोटी असते, बरोबर? पहिल्या उड्डाणाआधी ती उघडून ग्लासभर पेट्रोल बाहेर काढतात. पाणी तळाशी असतं, ते आधी बाहेर पडतं. ही तपासणी रोजची. आणि तुमच्या नऊच्या नऊ फायलींत सकाळच्या रजिस्टराचं पान आहे. काय लिहिलंय त्यावर?”

“पाणी काढलं. तपासलं.”

“खाली मेकॅनिकची सही, प्रशिक्षकाची सही. मग काढून टाकलेलं पाणी इंजिनात कुठून गेलं?”

“एका फाइलीत, मॅडम, पाणी काढल्याची वेळ सहा दहा आहे. आणि चौकीदाराचा जबाब आहे की त्याने गेट साडेसहाला उघडलं.”

“एकाचं घड्याळ मागे असेल, एकाचं पुढे.”

“नऊ ठिकाणी पाणी काढलं आणि नऊ ठिकाणी इंजिन बंद पडलं. म्हणजे मॅडम, ती सही...”

“बोला.”

प्रमोदिनीने वही मिटली. दोघींची मिळून सरकारात चाळीस वर्षं झाली होती. सही केव्हा होते, कुठे होते, आणि कशावर होते, हे दोघींना चांगलं ठाऊक होतं. या कचेरीतल्या हजेरीपटावरसुद्धा शुक्रवारच्या सह्या गुरुवारी पाहिलेल्या होत्या.

“कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “नऊ अपघातांतून किती वाचले?”

“दोघे. एक कॅनडात आहेत म्हणे.”

“दुसरे?”

“नोएडाला.”

“पत्ता मिळेल?”

“आहे. दर रविवारी आमच्याकडे जेवायला असतात.” प्रमोदिनीने पदर सारखा केला. “माझे चुलतसासरे, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढला. “हे आधी सांगायला हवं होतं.”

“आधी सांगितलं असतं तर वही उघडली असतीत?”

“नसती,” मॅडम म्हणाल्या. त्या खरं बोलणाऱ्या बाई होत्या. “आता नीट ऐका. ते जर म्हणाले की माझी चूक नव्हती, तर तो कागद मी घेणार नाही. बावीस वर्षांनी सगळेच तसं म्हणतात, त्यातून तुम्ही सून. पण ते स्वतःच्या विरुद्ध काही म्हणाले, तर तो कागद घेऊन मी वरपर्यंत जाईन आणि आठवड्याच्या आत सगळ्या क्लबांना पत्र काढीन. टाकी भरून ठेवा, पाणी दुसऱ्या माणसासमोर काढा. पंधरा तारखेनंतर धुकं सुरू होईल. क्लब चालू आहेत. मुलं उडतायत.”

घरी तिने हे सांगितलं तेव्हा विलास वर्तमानपत्रामागून बाहेर आला आणि आईकडे बघायला लागला. सुमित्राबाई तांदूळ निवडत होत्या.

“त्याला विचारायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“आई, काकांच्या डोक्यावर जे खापर आहे ते कदाचित...”

“खापर असू दे. त्याने ते ठेवून घेतलंय. बावीस वर्षं तो आपल्याकडे जेवतो तो माझ्या हाताला चव आहे म्हणून नाही. या एका घरात त्याला कुणी काही विचारत नाही म्हणून.”

प्रमोदिनी खाली बसली आणि सुपातला एक खडा उचलला. “आणि यंदा ज्याचं विमान पडेल, आई, त्याच्या घरी कुणी कुणाला विचारायचं नाही?”

सासूबाईंनी सूप घोळलं. एकदा, दोनदा. शनिवारी मात्र ती निघाली तेव्हा दारात मेथीच्या लाडवांचा डबा तयार होता. “रिकाम्या हाताने जाऊ नकोस,” एवढंच म्हणाल्या, आणि ते कसल्या आवाजात म्हणावं ते न कळून रागावल्यासारखं म्हणाल्या.

यमुनेचा पूल ओलांडून बस नोएडात शिरली तेव्हा दुपारचे दोन झाले होते. काकांची खोली दुसऱ्या मजल्यावर. खाट, टेबल, एक खुर्ची. दार उघडून त्यांनी तिच्यामागे पाहिलं.

“एकटीच?”

“हो काका.”

“विलासला नाही आणलंस?”

“त्याला सोमवारचे आकडे द्यायचेत.”

काकांनी चहा टाकला. डबा उघडून लाडू ताटलीत काढले, मोजल्यासारखे नीट गोल मांडले. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, “फाइल वाचलीस तू.”

“वाचली.”

“तरी म्हटलं. बाटल्या बघितल्या तेव्हाच कळलं.”

तिने फाइल आणली नव्हती, ती कचेरीबाहेर काढता येत नाही. तिने वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी खिशातून चष्मा घेतला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली नेलं. प्रत्येक ओळीपाशी थांबत. नवव्या ओळीपाशी पोचायला त्यांना चहा निवेपर्यंत वेळ लागला.

“हे बाकीचे आठ कोण?”

“तुमच्यासारखेच. वेगवेगळे क्लब, वेगवेगळी वर्षं. पहिलं एकोणीसशे अठ्ठावन्नचं. शेवटचं ब्याऐंशीचं.”

“ब्याऐंशी?” ते म्हणाले. “माझ्यानंतर पंधरा वर्षांनी?”

“हो.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“कुणालाच माहीत नव्हतं, काका. नऊ फायली नऊ कपाटांत होत्या.”

त्यांनी वही मिटली नाही. “पेट्रोलचा कॉक असतो एक. उड्डाणाआधी उघडायचा. त्यांनी लिहिलं मी तो बंद ठेवला. मी म्हटलं उघडला होता. मग सगळे म्हणाले बंद असणार, तेव्हा मलाही वाटायला लागलं. रोज सकाळी दाढी करताना मी तो कॉक उघडतो बघ. बावीस वर्षं. रोज उघडतो, आणि रोज नक्की आठवत नाही.”

“तो उघडा होता.”

काकांनी वर पाहिलं.

“अवशेषांच्या यादीत आहे. पान एकतीस, ओळ चौथी. ‘कॉक उघड्या स्थितीत सापडला.’ वरच्या पानावर ते आलंच नाही.”

ताटलीतला एक लाडू उचलून त्यांनी दुसऱ्या जागी ठेवला, मग परत पहिल्या जागी. प्रमोदिनीने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी रजई उन्हात टाकली होती आणि ती काठीने झोडपत होतं.

इथे थांबता आलं असतं. निवलेला चहा पिऊन, पान एकतीस या माणसाला देऊन, चारची बस पकडून घरी जाता आलं असतं. सासूबाईंनी डबा परत घेताना काही विचारलंही नसतं. तिच्या मनात ते येऊन गेलं, आणि थोडा वेळ राहिलंसुद्धा.

“काका,” ती म्हणाली, “आमच्या मॅडमना हे पुरत नाही. कॉक उघडा होता हे त्यांना पटेल, पण मग इंजिन का बंद पडलं? मी म्हणते पाण्याने. तर त्या रजिस्टर दाखवतात. त्या सकाळी पाणी काढल्याची नोंद आहे. खाली तुमची सही आहे. नऊच्या नऊ ठिकाणी तशीच आहे. जोपर्यंत त्या सह्या खऱ्या, तोपर्यंत माझी वही खोटी. यंदाच्या थंडीतही सगळीकडे त्याच सह्या होणार.”

काका उठले. पाय ओढत टेबलापर्यंत गेले, परत आले, बसले नाहीत.

“त्या मेकॅनिकलाही मुलं होती,” ते म्हणाले.

“हो.”

“मी म्हटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. आणि त्या पोराची आई... ती चौकशीच्या दिवशी बाहेर बाकावर बसली होती. तिला मी काय सांगणार होतो? कॉकची चूक म्हणजे निदान विसरणं. माणूस विसरतो. ते ऐकून घेणं सोपं होतं.”

पेन प्रमोदिनीच्या पिशवीत होतं, ते तिने काढलं नाही.

“पाणी काढलंच नव्हतं,” काका म्हणाले. “कुणीच काढत नव्हतं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मेकॅनिक रजिस्टर घेऊन यायचा. पुढच्या सकाळची ओळ भरलेली असायची, वेळेसकट. आम्ही सही करायचो. सगळे करायचे, थंडीत पहाटे ओल्या गवतात पंखाखाली कोण आडवा होणार. मी पंचवीस तारखेला सही केली.” त्यांनी खाटेचा कठडा धरला. “विष्णूने विचारलं होतं. नवीन होता, सगळं शिकवल्याप्रमाणे करायचा. पंखाखाली वाकला, तोटीला हात लावला आणि म्हणाला, सर, पानी निकालूँ? मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, साइन हो चुका है. चलो, बैठो.”